ग्रास कटरची दोरी घ्यायला जाताना जुनं हेड पिशवीत टाकून न्या

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस पडले की पंधरा दिवसांत आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला गवत गुडघ्याला लागतं. मुलुंडला, डोंगराच्या अंगाला राहतो आम्ही, त्यामुळे हराळी, टाकळा, आघाडा, घाणेरी सगळंच उगवतं. कोवळा टाकळा बिल्डिंगमधल्या दोन-चार काकू भाजीला खुडून नेतात, उरलेला कापायचा. आधी एक जण विळा घेऊन यायचा, तो गावी गेला तो परत आलाच नाही, मग कमिटीने पेट्रोलवरचं ग्रास कटर घेतलं आणि आता हे सांभाळणार कोण असा विषय निघाल्यावर मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंजिनिअर आहे ना. सॉफ्टवेअरवाला, पण तेवढं कोण बघतं.

या मशीनमध्ये गवत कापते ती गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. मशीनसोबत आलेली दोरी तीन आठवड्यांत संपली. मी जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, ग्रास कटरची वायर द्या. त्याने विचारलं किती एमएम, मी म्हटलं चांगली जाड द्या, तुटायला नको. तो म्हणाला मग तीनची घ्या साहेब, टेन्शनच नाही. घेतली. हेडमध्ये, म्हणजे दांडीच्या खालच्या टोकाला जो फिरणारा डबा असतो आणि ज्यात दोरी भरतात त्यात, कशीबशी कोंबली, मशीन चालू केलं तर इंजिन धापा टाकायला लागलं, गवत कापण्याऐवजी आडवं पडायला लागलं आणि दहा मिनिटांनी रबर जळाल्यासारखा वास यायला लागला. तो वास क्लचचा होता हे नंतर कळलं. दुकानदाराची काही चूक नाही, मी जे मागितलं ते त्याने दिलं, माझं मागणंच चुकलं होतं.

त्यानंतर दोन पावसाळे हे मशीन मीच चालवतोय, म्हणजे चालवतात माळीकाका, मी दोरी भरून देतो. माझ्यासारखं कुणाच्या गळ्यात हे काम नव्याने पडलं असेल तर कुठल्या क्रमाने जायचं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा, कारण लोक डायरेक्ट दोरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी मशीन, मग हेड, मग दोरी.

आधी मशीन कुठलं आहे ते बघा

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. एक म्हणजे छोटं इलेक्ट्रिक, घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून चालवायचं, माझ्या मावसभावाकडे गोराईच्या बैठ्या घरात आहे तसं. दुसरं बॅटरीवालं. तिसरं पेट्रोलचं, ज्याला दुकानात सगळे ब्रश कटरच म्हणतात, खांद्याला पट्टा लावून चालवायचं. छोट्या इलेक्ट्रिकला साधारण १.२ ते १.६ एमएमची दोरी लागते, थोड्या दमदार इलेक्ट्रिक किंवा बॅटरीवाल्याला २ पर्यंत, पेट्रोलच्या मशीनला बहुतेक वेळा २.४, आणि मोठ्या इंजिनाला २.७ किंवा ३. हे ढोबळ आकडे झाले, खरा आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकात असतो. पुस्तक हरवलं असेल, आणि ते हरवलेलंच असतं, तर गार्डवर (दोरीच्या मागचं संरक्षक आवरण), हेडच्या झाकणावर किंवा स्पूलच्या (दोरीच्या रिळाच्या) आतल्या बाजूला बारीक अक्षरात कोरलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की दिसतं. आमच्या स्पूलवर चिखल खरवडल्यावर दिसलं, तोपर्यंत मी तीनची दोरी भरून मोकळा झालो होतो.

कधीकधी आकडा इंचात असतो, त्याने गोंधळ होतो. ०.०६५ म्हणजे १.६ च्या आसपास, ०.०८० म्हणजे २, ०.०९५ म्हणजे २.४, ०.१०५ म्हणजे २.७ आणि ०.१३० म्हणजे ३.३. एवढे पाच मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पुरे.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या काही स्वस्त बॅटरीवाल्या मशीनमध्ये दोरी नसतेच, छोटी प्लास्टिकची पाती असतात, एका टोकाला भोक असलेली. ती तुटली की तसलीच पाती आणायची. एका शेजाऱ्याने त्या भोकात दोरी ओवून गाठ मारायचा प्रयोग केला होता, गाठ पहिल्या मिनिटात सुटून गायब झाली.

जाडीचा एवढा बाऊ का करायचा

दोरी कापते कशी ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप समजतं. हातात घेतली तर ही दोरी लिबलिबीत, तिने गवताचं पानसुद्धा कापता येणार नाही. ती गरगर फिरायला लागली की बाहेरच्या बाजूला ओढली जाऊन ताठ होते आणि वेगामुळे कापते. हिशोब करून बघा, २३ सेंटीमीटर व्यासाचा छोटा ट्रिमर, म्हणजे हेच दोरीवालं ग्रास कटर, मिनिटाला १०,००० फेरे मारत असेल तर दोरीचं टोक सेकंदाला साधारण १२० मीटर जातं, म्हणजे ताशी चारशे किलोमीटरच्या वर. राजधानी एक्सप्रेसच्या तिप्पट. सगळी कमाल या वेगाची आहे.

आता दोरी जाड केली की ती जड होते आणि हवाही जास्त कापते. २.४ ची ३ केली तर ऐकायला फक्त ०.६ एमएमचा फरक वाटतो, पण मीटरमागे नायलॉन दीडपटीहून थोडं जास्तच भरतं, कारण जाडी वाढली की वजन वर्गाच्या हिशोबाने वाढतं. इंजिनाला ते झेपत नाही, फेरे कमी होतात, फेरे कमी म्हणजे टोकाचा वेग कमी, म्हणजे जाड दोरी असून कापायचं कमी. वर पेट्रोल मशीनमध्ये क्लच असतो तो फेरे कमी झाले की नीट पकडत नाही, घसरत राहतो आणि तापतो. इलेक्ट्रिक असेल तर मोटर तापते. उलट फार बारीक दोरी घातली तर टाकळ्याच्या जून झालेल्या दांड्याला लागली की तुटली, परत भरा. शिवाय हेडच्या भोकात ती ढिली बसते आणि आपोआप बाहेर सरकत राहते.

हातातल्या दोरीची जाडी कशी मोजायची

व्हर्निअर कॅलिपर कुणाच्या घरी नसतो. एक पेन्सिल घ्या, तिच्यावर दोरीचे दहा वेढे एकमेकांना घट्ट चिकटवून गुंडाळा, मध्ये फट ठेवायची नाही, आणि पोराच्या कंपासपेटीतली पट्टी लावून सगळे वेढे मिळून किती रुंदी होते ते बघा. २४ एमएम आली तर दोरी २.४. बावीस-तेवीस आली तर वेढे नीट बसलेत का ते बघा, किंवा दोरी वापरून झिजलेली असेल, स्पूलच्या आत राहिलेला न वापरलेला तुकडा घेऊन परत मोजा. चौकोनी दोरीला हा प्रकार थोडा फसवतो, वेढे कधी सपाट बसतात कधी कोपऱ्यावर.

रंगावरून जाडी ओळखायला जाऊ नका. दुकानात नारिंगी, पिवळी, हिरवी, लाल, काळी, निळी सगळी असते, आणि प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. मागच्या वेळी नारिंगी होती म्हणून नारिंगी उचलली असं माळीकाकांनी एकदा केलंय.

हेड कुठलं

हा भाग जरा सावकाश वाचा, इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

बहुतेक पेट्रोल मशीनवर टॅप अँड गो हेड येतं. खाली एक गोल बटण असतं, मशीन चालू असताना ते जमिनीवर हळूच आपटलं की आतून दोन्ही बाजूंनी थोडी थोडी दोरी बाहेर येते आणि गार्डवर एक छोटं पातं असतं ते जास्तीची दोरी छाटून बरोबर मापात आणतं. आत स्पूल, म्हणजे रीळ, त्याखाली एक स्प्रिंग, वरून झाकण, बस एवढंच.

छोट्या इलेक्ट्रिकमध्ये बऱ्याचदा ऑटो फीड असतं, तिथे आपटायचं नसतं, मशीन बंद-चालू केलं किंवा दोरी आखूड झाली की ती स्वतः बाहेर येते. मावसभावाने पहिल्याच दिवशी माझं बघून ते जमिनीवर आपटलं आणि झाकणाची कडी तोडली. त्याचं बघून मी हसलो खरा, पण चूक माझीच होती, मी त्याला सांगितलं होतं सगळे ट्रिमर असेच असतात.

तिसरा प्रकार म्हणजे स्पूल नसलेलं साधं हेड. दोरीचे कापलेले तुकडे भोकातून ओवायचे, झिजले की मशीन बंद करून नवे घालायचे. कटकट वाटते, पण आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे गवतात बिल्डरने टाकलेलं डेब्रिस, फुटक्या टाइल्स आणि कंपाउंड वॉलचे दगड आहेत, तिथे हे हेड लय चांगलं. अडकायला काही नाही, आतमध्ये काही हलतच नाही. मी मागच्या बाजूला हेच वापरतो आणि पुढच्या लॉनला टॅप अँड गो.

आता स्पूल. तुमच्याकडे स्पूल शाबूत असेल, कडा फुटल्या नसतील, दोरी अडकवायची खाच तुटली नसेल, तर नवीन स्पूल घ्यायची गरजच नाही, सुटी दोरी आणून त्यावरच गुंडाळा. दोरी भरलेलं तयार स्पूल घेणं सोपं पडतं पण फक्त छोट्या इलेक्ट्रिकला, कारण १.२ किंवा १.६ ची दोरी त्या इवल्याशा रिळावर हाताने गुंडाळणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा, आणि अशी स्पूल त्या त्या मॉडेलचीच बसतात. बाहेरचा व्यास सारखा दिसला म्हणून बसेल असं नाही, मधल्या भोकाचा आकार, उंची, खालचे दाते, एवढं सगळं जुळावं लागतं. म्हणून जुनं स्पूल खिशात टाकून न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघा. ऑनलाइन मागवायचं असेल तर मशीनच्या नावावर न जाता मॉडेल नंबरावर जा, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलला वेगळी स्पूल असतात.

झाकणाच्या कड्या झिजल्या असतील, बटण घासून सपाट झालं असेल किंवा ज्या भोकातून दोरी बाहेर येते तिथली धातूची रिंग निघाली असेल तर स्पूलच्या मागे लागू नका, सरळ पूर्ण हेड बदला. ही रिंग निघाली किंवा तिला धार आली तर कितीही भारी दोरी घाला, ती तिथेच कापली जाणार. दोरी सारखी मुळातून तुटतेय असं वाटलं तर पहिला संशय या रिंगवर घ्या.

पूर्ण हेड घेताना आट्यांचा घोळ असतो. बाजारात मिळणाऱ्या सरळ दांडीच्या बऱ्याच पेट्रोल मशीनना १० एमएमचा, १.२५ पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ एमएम), उलट्या आट्यांचा नट लागतो. सगळ्यांना नाही. छोट्या, वाकड्या दांडीच्या मशीनना ८ एमएमचाही असतो, आणि कुठे हेडमध्ये आटे तर कुठे हेडमधून बोल्ट बाहेर आलेला. युनिव्हर्सल म्हणून जी हेड मिळतात त्यांच्या पुडीत तीन-चार नट आणि वॉशर असतात, त्यातला आपला निघाला तर ठीक. म्हणून तर म्हणतो, जुनं हेड काढून पिशवीत टाकून न्या.

काढताना अजून एक गंमत. उलटे आटे म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं आणि उलट फिरवलं की घट्ट होतं. मी अर्धा तास नेहमीच्या दिशेने जोर लावून ते अजून घट्ट करत होतो, शेवटी वॉचमनने येऊन उलटं फिरवून दाखवलं, त्याच्या गावी म्हणे सगळ्यांकडे हेच मशीन आहे. हेडच्या वर गिअरच्या डब्याजवळ एक भोक असतं, त्यात मशीनसोबत आलेली सळी किंवा ॲलन की घालायची, हेड हळूहळू फिरवत आतलं भोक जुळलं की ती आत जाते आणि दांडा लॉक होतो, मग हेड हाताने सुटतं. आणि हे करण्याआधी बॅटरी काढा, इलेक्ट्रिकचा प्लग बोर्डातून काढा, पेट्रोलच्या मशीनची स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. दरवेळी.

हेड निघालंच आहे तर मागे दांड्यावर काय गुंडाळलंय तेही बघा. आमच्याकडे दर वर्षी संक्रांतीचा मांजा निघतो, तो झाडांवरून गवतात पडतो आणि हेडच्या वर जाऊन इतका घट्ट बसतो की तिथल्या बेअरिंगच्या बाजूला घासून वितळलेला होता. ब्लेडने कापूनच काढावा लागला.

गोल, चौकोनी की पिळाची

नवीन असाल तर गोल घ्या आणि पुढे चला. गोल दोरी सगळ्यात जास्त टिकते, भिंतीला, दगडाला, पेव्हर ब्लॉकला घासली तरी लवकर तुटत नाही, स्पूलमधून बाहेरही सुरळीत येते. मुंबईत सोसायटीच्या गवताला चारही बाजूंनी काँक्रीट असतं, त्यामुळे गोलच.

चौकोनी किंवा चांदणीसारख्या कडा असलेली दोरी जून गवत आणि जाड दांडे जास्त स्वच्छ कापते, कडेने कापल्यामुळे, पण तिच्या कडा लवकर झिजतात आणि आवाजही जास्त करते. पिळाची दोरी हवा कमी अडवते, आवाज कमी, म्हणून रविवारी सकाळी आठ वाजता कापायचं असेल आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडत असतील तर ती बघा. आत तारेसारखा गाभा असलेली नायलॉनची दोरीही मिळते, म्हणजे आतला गाभाही प्लास्टिकचाच, वेगळ्या प्रकारचा. मला तिचा फरक फार जाणवला नाही.

धातूची तार मात्र कधीच नाही. दुकानात वायर म्हणून मागितली की एखादा खरोखर बाइंडिंग वायर किंवा क्लचची केबल पुढे करतो, आणि काही जण मुद्दाम लावतातही, नायलॉन सारखी तुटते म्हणून. वर वेगाचा हिशोब दिलाय तो परत बघा. नायलॉनचा तुकडा तुटून पायाला लागला तर वळ उठतो, तारेचा तुकडा त्या वेगाने सुटला तर गोळीसारखा जातो. दुकानात मागताना नायलॉन दोरी म्हणा किंवा ट्रिमर लाइन म्हणा.

मुळात ही आयडियाच नायलॉनच्या दोरीवरून आलेली. अमेरिकेत ह्युस्टनला जॉर्ज बॅलस नावाचा माणूस होता, त्याने १९७१ मध्ये गाडी धुवायच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये फिरणारे ब्रश बघितले, घरी येऊन पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा लॉनच्या कडा कापायच्या मशीनला लावून फिरवला. म्हणजे पहिलं हेड डब्याचंच होतं.

किती घ्यायची

आमच्या टॅप अँड गो हेडमध्ये २.४ ची साधारण ५ मीटर मावते. तुमच्या हेडचा आकडा पुस्तकात असेल, नसेल तर जुनी भरलेली दोरी उलगडून मोजा. ३ ची घातली तर तेवढ्याच जागेत बरीच कमी मावते, हा अजून एक तोटा.

सुटी दोरी कुठे मीटरवर मिळते, कुठे पाकिटात, कुठे वजनावर. वजनावर घेताना एक हिशोब डोक्यात ठेवा. २.४ ची गोल नायलॉन दोरी मीटरला पाच ग्रॅमच्या थोडी वर भरते, म्हणजे किलोला १९० मीटरच्या आसपास. ३ ची मीटरला आठ ग्रॅम, किलोला सव्वाशे मीटरच. १.६ ची सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे पाकिटावर नुसतं वजन लिहिलं असेल तर आधी मीटर काढा मग भाव बघा. आमच्यासारख्या एका सोसायटीला एका पावसाळ्यात किलोभर पुरून उरते. घरचं छोटं अंगण असेल तर पाव किलोसुद्धा फार झालं. फार साठवू नका, का ते शेवटी सांगतो.

घ्यायला मी नागदेवी स्ट्रीटला जातो. मुलुंडहून स्लो लोकल पकडून मशीद बंदरला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडून चालत. हार्डवेअर आणि मशीनच्या पार्ट्सची दुकानं तिथे एकाला एक लागून, एकाकडे नसलं तर तोच पोऱ्याला शेजारी पाठवून आणून देतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. काउंटरवर जाऊन फक्त तीन गोष्टी बोलायच्या, जाडी, आकार आणि किती मीटर, आणि हेड लागत असेल तर जुनं काढून समोर ठेवायचं. असं विचारलं की समोरचा वेगळ्या नजरेने बघतो आणि तीनची जाड घ्या म्हणत नाही.

भरायची कशी

झाकणाच्या दोन कड्या दाबून हेड उघडा. आणि उघडताना झाकण हाताने दाबून धरा, सावकाश सोडा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण पहिल्या वेळी मी टेरेसवर नाही, पाण्याच्या टाकीजवळ नाही, बरोबर गटाराच्या जाळीशेजारी बसून उघडलं आणि आतली स्प्रिंग टुणकन उडून जाळीतून खाली गेली. स्प्रिंग सुटी कुठे मिळाली नाही, तिच्यासाठी पूर्ण हेड घ्यावं लागलं, आणि कमिटीच्या हिशोबात ते बिल लावताना कारण काय लिहायचं हा प्रश्न होता. जुनी चादर किंवा वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसा.

स्पूल काढा, जुने तुकडे काढा, आत चिकटलेला गवताचा लगदा जुन्या टूथब्रशने साफ करा, ओल्या गवताचा हा लगदा वाळला की सिमेंट होतो. मग पाच मीटर दोरी कापा आणि दुमडा, पण अगदी मधोमध नाही, एक बाजू दुसरीपेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर लांब ठेवा. दुमडलेली जागा स्पूलच्या मधल्या पडद्यावर जी खाच असते त्यात अडकवा, एक बाजू वरच्या कप्प्यात, एक खालच्या कप्प्यात.

स्पूलवर बाण असतो. त्या दिशेने दोन्ही बाजू एकत्र गुंडाळायला लागा, घट्ट, शेजारी-शेजारी, एकावर एक फुली न पडता. शिवणयंत्राच्या बॉबिनवर धागा कसा ओळीने बसतो, तसं. इथे घाई केलीत तर काम करताना वरचा वेढा खालच्या वेढ्यांमध्ये रुतून बसेल आणि दोरी बाहेर यायची थांबेल. बाण दिसत नसेल तर जुनी दोरी काढायच्या आधी ती कुठल्या बाजूने गुंडाळलीय त्याचा फोटो काढून ठेवा. उलटी गुंडाळली की आपटूनही दोरी येत नाही, आणि आपण आपटतच राहतो. काठोकाठ भरायचं नाही, कडेपासून अर्धा सेंटीमीटर मोकळा ठेवा.

शेवटची दहा-पंधरा सेंटीमीटर टोकं स्पूलच्या कडेच्या खाचांमध्ये अडकवा म्हणजे उलगडणार नाहीत, टोकं तिरकी कापा म्हणजे भोकातून सहज जातील, दोन्ही टोकं हेडच्या दोन भोकांतून बाहेर काढा, स्प्रिंग जागेवर आहे ना बघा, स्पूल बसवा, झाकण दाबून दोन्ही कड्या टक टक वाजेपर्यंत लावा. आता दोन्ही टोकं झटका देऊन ओढा, खाचेतून सुटतील. बटण दाबून ओढलं तर दोरी यायला पाहिजे, न दाबता ओढलं तर यायला नको. दोन्ही झालं म्हणजे बरोबर भरलंय.

आजकाल काही हेड न उघडता भरता येतात, दोरी आरपार ओवायची, दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि खालचा नॉब फिरवत राहायचा. नवीन हेड घ्यायचंच असेल तर हे आधी विचारा. स्प्रिंगशी संबंधच येत नाही.

दोरी बाहेर येत नाही, मग

आपटताना मशीन पूर्ण वेगात पाहिजे. कमी वेगात आपटलं तर दोरीला बाहेर खेचणारी ओढच नसते. आणि मऊ जमिनीवर हळू आपटा, पेव्हर ब्लॉकवर दाणदाण आपटलं की बटण घासून जातं. दुसरं कारण, बाहेरची दोरी आधीच फार आखूड झालीय, दोन-तीन बोटं राहिली की तिचं वजनच पुरत नाही. मशीन बंद करा, बटण दाबून हाताने ओढून लांब करा.

तिसरं म्हणजे आतमध्ये वेढे एकमेकांना चिकटले. उन्हाळ्यात, म्हणजे मे महिन्यात वाळलेलं गवत कापताना हे होतं, आत घर्षणाने दोरी तापून वितळते आणि वेढा वेढ्याला डकतो. स्पूल उघडून, उलगडून, चिकटलेला भाग कापून परत गुंडाळायचं. दोरीचा सगळा आडवा भाग गवतात घुसवायचा नाही, फक्त टोकाने कापायचं, भिंतीलाही टोकच लागलं पाहिजे, मग हे कमी होतं.

आणि गार्ड काढू नका. गवत अडकतं म्हणून बरेच जण गार्ड काढून फेकतात. त्यावरचं छोटं पातं गेलं की दोरी वाटेल तेवढी लांब राहते, इंजिनावर जाड दोरीइतकाच लोड येतो, आणि दगड थेट नडगीवर. चष्मा, गमबूट आणि जाड पँट पाहिजेच, पावसाळ्यात तर गमबूट जास्तच, साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो आणि आमच्याकडे गवतात घोणसही निघालीय.

उरलेली दोरी कशी ठेवायची

नायलॉन हवेतली ओल पितं. ओल असली की दोरी लवचिक राहते, वाळली की कडक होऊन काचेसारखी कडाकड तुटते. पावसाळ्यात मुंबईची हवाच इतकी दमट की प्रश्न येत नाही, पण टेरेसवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेली दोरी जूनमध्ये काढली की दर दोन मिनिटांनी तुटते. माळीकाका म्हणतात माल डुप्लिकेट आहे. डुप्लिकेट वगैरे काही नाही, वाळलीय. स्पूलसकट एक दिवसभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पुष्कळ फरक पडतो. उन्हात मात्र वर्षभर लटकवून ठेवली असेल तर ती पाण्यानेही सुधारत नाही, ऊन नायलॉनला आतूनच खराब करतं. म्हणून फार साठवू नका म्हटलं. जी आहे ती काळ्या पिशवीत, सावलीत, जिन्याखाली.

कापताना तुटलेले तुकडे जमेल तेवढे वेचा, ते कुजत नाहीत, पुढच्या पावसात तसेच वर येतात.

आमचं शेवटचं मोठं कापणं गणपतीच्या आधी होतं, मंडपाची जागा साफ करायला, आणि एक छोटं ऑक्टोबरात. त्यानंतर स्पूल रिकामं करून, धुऊन, स्प्रिंगसकट एका डबीत घालून मशीनच्या हँडललाच बांधून ठेवतो. गार्डवर मी पांढऱ्या ऑइल पेंटने मोठ्या अक्षरात २.४ गोल असं लिहिलंय, पुढच्या वेळी दुकानात कोणीही गेलं तरी चालेल. त्याच्याखाली कोणीतरी, आणि मला माहितीय कोण ते, मार्करने लिहून ठेवलंय, गटारापासून लांब बसा.